देवाची धार

बायांनी मतदान केलं, आडवी बाटली जिंकली आणि गावातलं दारूचं दुकान बंद झालं. मग रंभाने दारूबंदी समितीच्या बाया घेऊन हातभट्ट्याही फोडल्या. तिच्या नवऱ्याने, डोमाने, लाजेकाजेस्तव त्याच दिवशी पिणं सोडलं. रंभाला आभाळ ठेंगणं झालं.

पण दोन-तीन दिवसांतच डोमा थरथरू लागला. घामाने बनियान भिजली. छपराकडे बघून म्हणे, "रंभे, वर मासे फिरून राह्यले. जाळं आण!"

पीत होता तेव्हा हाच माणूस तलावात जाळं फेकायचा. सोडल्यावर खाटेला लागला? रंभाला उमजेना.

सासरा पोचू म्हणाला, "देवाले मोहाच्या दारूची धार दिल्याबिगर आपण कधी तलावात उतरलो का? तुह्या समितीनं देवाचीही बंद केली. कोपला तो."

रंभा बुधरीच्या दारात गेली. हिच्याच हातभट्टीची हंडी तिने भर चौकात फोडली होती. बुधरीचा नवरा लटारू ऐन उन्हाळ्यात घोंगडी पांघरून बसला होता.

"या, अध्यक्षबाई! आता काय चूल फोडता?"

"थोडी मोहाची पाहिजे. देवाले."

"अगाई! देवाले नाई सुटली वाटते." बुधरी पोट धरून हसली. मग लटारूपासून लपवलेली शिशी तिने काढून दिली.

रंभाने तलावाच्या पाळीवर धार सोडली. घरी येते तो डोमाला झटका आलेला. गावातल्या धनराजच्या ऑटोत घालून तिने तालुक्याच्या गावी, मूलला, दवाखाना गाठला.

सुई देऊन झाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की असं होतं. जीवही जातो. सोडायच्या आधीच आणायचं, इथे औषध असतं."

"ते पिणाऱ्याईचं ना? हा तं सोडून बसला."

"सोडणाऱ्यांचंच आहे, बाई."

डोमा निजला. देवाने ऐकलं की सुईने? दुकान बंद केलं ते चुकलं का? मग ते चालू असताना रोज मार खाल्ला, ते बरं होतं? रंभाचं डोकं फाटक्या जाळ्यासारखं गुंतलं. तेवढ्यात तिला ती घोंगडी आठवली. धनराजचा फोन घेऊन तिने बुधरीला लावला.

"लटारूभाऊ कसा आहे वं?"

"थरथर कापून राह्यला. अंगावर मुंग्या चढल्या म्हणते. त्याच्यासाठीही धार सोडू का?"

"धनराजचा ऑटो येऊन राह्यला. बसव त्याले."

"अन् देव?"

"देवाचं मले नाई समजत, बुधरी. तू पहिले बसव."