दोघांत एक वळू

इलारिओ आणि पेत्रोना हे सख्खे बहीणभाऊ. राहायचे एकाच घरात, 'माते' नावाचा कडू चहा प्यायचे एकाच भांड्यातून, पण दोन वर्षं एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. भांडणाचं मूळ होता एक वळू. इलारिओनं ताईला न विचारता पांढऱ्या तोंडाचा, शुद्ध हेरफर्ड जातीचा वळू आणला होता. त्यांच्या कोरिएन्तेस प्रांताचं ऊन तापलं तसा तो राजबिंडा गडी सकाळी तळ्यात शिरायचा, तो अंधार पडल्यावरच बाहेर यायचा. गायी काठावर ताटकळत उभ्या. शेवटी सान हुआनच्या सणाला पेत्रोनानं तो कापला. इलारिओनं दोनदा वाढून घेतलं, बोटं चाटली, आणि मग त्याला कळलं.

आता कळपाला वळू हवाच होता. गुरं बापानं दोघांच्या नावावर ठेवलेली, म्हणजे निवडायचंही दोघांनीच. ऊन सोसणारा संकरित ब्राफर्ड घ्यायचा, इथवर एकमत झालं होतं, तेही शेजारणीमार्फत.

जुने पशुपालक डॉन आल्सिदेस यांच्याकडे पैदाशीचे वळू विकायला असायचे. त्यांनी आवारातला एक काळपट तांबडा वळू दाखवला. वळू कसला, डोंगरच! इलारिओ जागीच विरघळला.

"त्याला विचारा," पेत्रोना डॉन आल्सिदेसना म्हणाली, "हा डोंगर पहिलटकरणींत सोडला, तर वासरंही डोंगराएवढी होतील. ती अडली की ओढायला तो स्वतः येणार का?"

"तिला सांगा, बाजारात काट्यावर वजन चढतं, शहाणपण नाही," इलारिओ म्हणाला.

डॉन आल्सिदेस बिचारे इकडून तिकडे मान वळवत होते. तेवढ्यात पेत्रोना आवारात शिरून चक्क खाली वाकली.

"पोटाखालची ही कातडी बघा, केवढी लोंबतेय! आमच्या रानात काटेच काटे. महिन्याभरात फाडून घेईल आणि मग नुसता शोभेला उभा राहील."

इलारिओचे कान लाल झाले. "तिला सांगा, बाईमाणसानं इतकं वाकून बघू नये."

"त्याला सांगा, तोंड बघून घेतलेला वळू तळ्यात बसतो."

हे मात्र वर्मी लागलं. "तिला सांगा, हा स्वभावानं गाय आहे, गाय!" असं म्हणत इलारिओ आत घुसला आणि त्यानं वळूच्या पुठ्ठ्यावर थाप मारली.

गाय सावकाश वळली. तिनं खाली मान घालून माती उकरली.

"इलारिओ! दाराकडे नको, मेल्या, कुंपणावर चढ!" पेत्रोना ओरडली. ती स्वतः केव्हाच वर पोचली होती. इलारिओ चढला, पण विजार खिळ्यात अडकली. पेत्रोनानं त्याचा पट्टा पकडला.

"ताई, सोडू नकोस गं!"

"सोडत नाही. पण केवढा जड झालायस रे!"

"तू वाढतेस म्हणून!"

डॉन आल्सिदेसनी घसा खाकरला. "मी कुणाला काही सांगायचंय का?"

"तुम्ही गप्प बसा!" दोघं एकदमच म्हणाली.

खाली वळू इलारिओची टोपी चघळत होता. दोघं कुंपणावर धापा टाकत बसून राहिली.

"चांगला लागला होता ना रे, तो हेरफर्ड?" पेत्रोनानं विचारलं.

"चवीला लागला होता," इलारिओ पुटपुटला. "वळू म्हणून भिकार होता."

तेवढ्यात त्याचं लक्ष पलीकडच्या कुरणाकडे गेलं. बाकीचे वळू झाडाखाली धापा टाकत होते. एक मध्यम बांध्याचा तांबडा मात्र भर उन्हात निवांत चरत होता.

"ताई, त्याच्या डोळ्यांभोवती बघ, तांबडा रंग आहे. बाबांच्या पांढऱ्या तोंडाच्या गायींचे डोळे उन्हानं पिकायचे, तसं त्याचं नाही व्हायचं."

"केसही आखूड आहेत. गोचिडाला धरायला जागा नाही," पेत्रोना म्हणाली. "आणि कातडी कशी पोटाशी आटोपशीर!"

दोघं पलीकडच्या बाजूनं उतरली. गड्यांनी तांबड्याला खोड्यात घेतलं. पेत्रोना टेप घेऊन मागे बसली आणि तिनं वृषणांचा घेर मोजला. इलारिओनं शेपूट धरलं, नजर मात्र आभाळाकडे. माप मनासारखं निघालं, म्हणजे गडी पैदाशीला पक्का. तांबडा त्याच दिवशी घरी आला आणि गाडीतून उतरल्या उतरल्या गायींच्या मागे गेला.

पुढच्या वसंतात पहिलं वासरू झालं. इलारिओ दुपारच्या झोपेतून उठून आला, तेव्हा ते उभं राहून आचळाला लुचत होतं.

"मला हाक का नाही मारलीस?" तो चिडला.

"गायीनंच कुणाला बोलावलं नाही," पेत्रोना म्हणाली, "मी कशाला बोलावू?"