आधी ‘दृष्ट न लागो’ म्हणा, मग बघा

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. हाताने चाक फिरवायची, काळ्या रंगाची, अंगावरची सोनेरी वेलबुट्टी निम्मी झिजलेली. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवते, मी जरा तापट आहे. लोखंडाची जात, त्यात रशियातल्या कडाक्याच्या थंडीत घडले. तिथून आगगाडीने ताश्कंदच्या मुलखातल्या मर्गिलान गावी आले आणि होसियतच्या रुखवतात बसले. नवरी ती, नवीकोरी मी. सासरी पोचल्या पोचल्या दोघींनाही कामाला जुंपलं.

आमच्या मर्गिलानात कुरपाच्यांशिवाय लग्न उभं राहत नाही. कुरपाचा म्हणजे कापूस भरलेली लांबलचक गादी. नवरीबरोबर त्यांची चळतच येते, ती संदुकावर रचतात, आणि सासरच्या बायका एकेक गादी उलटी करून टाके तपासतात. होसियत कापूस काठीने झोडून मोकळा करायची, खोळ माझ्यावर शिवायची आणि वरचे टाके हाताने घालायची. तिच्या गाद्यांना नावं ठेवायला जागा सापडली नाही म्हणून कित्येक सासवा हिरमुसून घरी गेल्या. कौतुक मात्र सगळं होसियतचं व्हायचं. सुई कुणाची, दोरा कुणी ओढला, हे कुणी विचारलं नाही. असो.

मग ताश्कंदची शहरिझोदा फोनवर अवतरली. लाखांनी फॉलोअर. कारखान्यातल्या चकचकीत गाद्यांवर रेलून ती म्हणायची, “मुलींनो, राणीसारखं बसा.” त्या गाद्यांत कापूस औषधालाही नव्हता. पण मर्गिलानच्या मुलींनाही तशाच गाद्या हव्या झाल्या. होसियतची गिऱ्हाइकं एकेक करून गळाली. माझ्यावर फडकं आलं, फडक्यावर किटली आली. मित्रांनो, ज्या पाठीवरून हजारो नवरीमुलींचं रेशीम गेलं, त्या पाठीवर किटली.

होसियतचा मुलगा रवशन आधीच रशियात विटा रचायला गेलेला. आता त्याची बायको मोहिरा, हिनेही जायचं ठरलं. गल्लीतली करोमत दर वर्षी कापूसवेचणी संपली की बायकांचा जथा घेऊन तिकडच्या शिवण कारखान्यात जायची. तिने मोहिरासाठी जागा धरून ठेवली. मोहिरा गेली की त्या घरात होसियत एकटी आणि मी.

“जा बाई, जा,” होसियत म्हणायची. “तिकडे तरी सरळ शिवायला शिकशील.”

“जातेच, आई. तुमच्या कटकटीतून तरी सुटेन,” मोहिरा म्हणायची. आणि मग दोघी एकाच ताटातून निमूट जेवायच्या.

जायच्या आधी एकदा नशीब अजमावून बघू म्हणून मोहिराने फोनवर गाद्यांचं खातं उघडलं. फोन उभा करायला टेकू हवा होता. किटली हलली आणि मी टेकू झाले. बढती म्हणायची की काय, मला अजून कळलेलं नाही.

पहिल्यांदा तिने शहरिझोदाची नक्कल केली. तसेच ओठ रंगवले, तेच गाणं लावलं, गादीवर रेलून केस उडवले. केस माझ्या चाकात अडकले. त्यात माझा काही दोष नाही. बघणारे कोण, तर तिच्या दोन बहिणी, रवशन, आणि मोटारीचे टायर विकणारा कुणीतरी. होसियत दारातून हे सगळं बघत होती. “सूनबाई, गादी विकतेयस की दाढ दुखतेय?” तिने विचारलं.

एके दिवशी मोहिरा फोन बंद करायला विसरली. त्यात मी खडखड चालतेय आणि होसियत सुनेला झापतेय, एवढंच आलं. “हळू झोड. कापूस आहे तो, नवरा नाही. त्याला जरा श्वास घेऊ दे.” मोहिराने तो व्हिडिओ गंमत म्हणून लावला, आणि सकाळी बघते तर तीन हजार जणांनी पाहिलेला. ती नाचत सासूकडे गेली.

“किती जणांनी?” होसियतच्या हातातला चहाचा पियाला तसाच राहिला. “तीन हजार घरांचे डोळे तुझ्यावर, माझ्यावर आणि कापसावर, आणि तू इसिरिक पण जाळला नाहीस?”

इसिरिक म्हणजे दृष्ट काढायचं वाळकं झुडूप. तिने ते तव्यावर पेटवलं आणि धूर सुनेभोवती फिरवला, फोनभोवती फिरवला, माझ्याभोवती फिरवला. माझ्या बॉबिनमध्ये काजळी गेली. मग तिने हुकूम सोडला, “तो व्हिडिओ काढून टाक. घराला दृष्ट लागायला नको.” मोहिरा रडली, पण सासूपुढे काय चालणार?

पुढे हाच रिवाज पडला. जो व्हिडिओ चालायचा तो होसियत काढायला लावायची, जो आपटायचा तो राहायचा. खात्यावर सगळे आपटलेलेच उरले. नवीन माणूस यायचा, ते बघायचा आणि आल्या पावली जायचा. तिकडे करोमतची गाडी जवळ येत होती. मोहिराने माळ्यावरून पिशवी काढली, झटकली आणि भिंतीशी ठेवली. होसियत दिवसभर त्या पिशवीला वळसा घालून चालायची.

एका दुपारी मोहिरा फोनमध्ये डोकं घालून बसली होती. “काय लिहितेस?” होसियतने विचारलं.

“शहरिझोदाला सलाम लिहितेय. तिने उत्तर दिलं तर चार लोकांना आपलं नाव दिसेल.”

“मग दिलं का?”

“ती कुठे देतेय? हजारो सलाम येतात तिला.”

“हजारो सलाम, आणि एकालाही वालैकुम नाही? कुठल्या आईने वाढवलीय हिला?”

मोहिराने मान वर केली. “आई, आपण तरी कुठे दिलं? आपल्या व्हिडिओखाली पण बायकांनी सलाम लिहिले होते. तुम्ही ते व्हिडिओसकट पुसायला लावलेत.”

आमच्याकडे शेजारणीशी भांडण पेटलेलं असलं, तरी तिने सलाम केला की आधी उत्तर द्यायचं आणि मग राहिलेलं भांडायचं. इथे तर परक्या बायका दारात येऊन सलाम करून गेल्या आणि घरातून कुणी हूं की चूं केलं नाही.

“परत आण ते,” होसियत म्हणाली.

“व्हिडिओ आहेत फोनमध्ये. सलाम गेले.”

“मग व्हिडिओ पुन्हा लाव. आणि मला बोलू दे.”

ती माझ्याशेजारी येऊन बसली. डोक्याचा रुमाल नीट केला, इसिरिकची जुडी माझ्या मुठीला बांधली आणि फोनकडे बघून म्हणाली, “बायांनो, तुमच्या सलामांची उत्तरं राहिली. चूक माझी. पुन्हा एकदा सलाम करा, एकीलाही उत्तराशिवाय ठेवणार नाही. आणि एक ऐका. आमच्याकडे बघायचं तर आधी ‘दृष्ट न लागो’ असं लिहायचं, मग बघायचं. फुकट डोळे लावायचे नाहीत.”

मोहिराने कपाळावर हात मारला. मित्रांनो, मीही मारला असता. पण दुसऱ्या दिवशी त्या व्हिडिओखाली ‘दृष्ट न लागो’चा पाऊस. सासूबाईंचं ऐकायची सवय आमच्या मुलखात फार खोलवर मुरलीय. अंदिजानच्या बायकांनी लिहिलं, नमनगानच्या बायकांनी लिहिलं, पार कोरियात भांडी घासणाऱ्या मुलींनी लिहिलं. टायरवाल्यानेही लिहिलं.

होसियत सांगायची, मोहिरा लिहायची. “वालैकुम अस्सलाम. बरी आहेस? अंग, गुडघे, घर, पोरं, सासूचं कसं आहे? गाईला वासरू झालं का?”

“आई, थोडक्यात लिहू का?”

“थोडक्यात सलाम म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यावरून परत पाठवणं. वासराचं विचार.”

बायका वासराचं उत्तर द्यायच्या आणि उलट होसियतच्या गुडघ्यांचं विचारायच्या. ज्या व्हिडिओखाली गप्पा रंगतात, त्याला फोन आणखी लोकांपुढे नेतो, असं मोहिराने तिला समजावलं. “म्हणजे फोनला पण गप्पा आवडतात,” होसियत म्हणाली. शहरिझोदाला उत्तर द्यायला वेळ नव्हता. होसियतकडे वेळच वेळ होता, कारण हातात काम नव्हतं. पुढे खुद्द शहरिझोदाचा सलाम आला. मोहिरा फोन घेऊन धावली. “आई, तिला आधी उत्तर देऊ.”

“रांगेत उभी राहू दे. आधी वासरूवाली.”

लोक वाढले, पण गाद्यांची एक मागणी येईना. येणार कशी? मोहिराने उत्तराखाली ‘आम्ही गाद्या शिवून देतो’ असं लिहिलं की होसियत ते काढायला लावायची. “सलाम करायला आलेल्या पाहुण्याला माल विकतेस? लाज कशी वाटत नाही?” मोहिराने वाद घालणं सोडलं आणि पिशवीत कपडे भरायला घेतले. करोमतची गाडी आठवड्यावर आली होती.

एव्हाना होसियत फोनमध्ये बोलून उत्तर पाठवायला शिकली होती. लांबच्या माणसाशी मोठ्याने बोलावं लागतं असा तिचा समज. नमनगानच्या एका बाईने विचारलं, “आपा, पुढच्या शुक्रवारच्या व्हिडिओत सुनेला काय शिकवणार?” होसियत फोन तोंडाजवळ धरून अशी बोलली की अख्ख्या गल्लीने ऐकलं. “पुढच्या शुक्रवारी सून नसेल. रशियाला चाललीय. मी तिला राहा म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने म्हणू? घरात काम नाही. पण ती गेल्यावर मी ओरडू कुणावर? ही मशीन काय उलट बोलते? मला उलट बोलणारी सवयीची झालीय. मला ती हवीय.”

अंगणातल्या नळावर मोहिरा कपडे धूत होती. तिचे हात थांबले. ती आत आली, सासूकडे बघितलं नाही, तेलाची कुपी घेतली आणि मला तेल घालत बसली. बराच वेळ घालत होती. इतक्या तेलाची मला गरज नव्हती.

“मी फक्त त्या नमनगानवालीला सांगितलं,” होसियत पुटपुटली.

“ते सगळ्यांना ऐकू जातं, आई.”

“सगळ्यांना?”

संध्याकाळपर्यंत उत्तरं आली. सगळ्यांत आधी नमनगानवालीचं. “दृष्ट न लागो. आपा, आम्हाला वाटलं तुमच्याकडे कामाची रीघ असेल, म्हणून विचारायचा संकोच केला. माझ्या मुलीचं लग्न आहे. सुनेला सांगा, अख्खी चळत शिवल्याशिवाय घरातून हलायचं नाही.” मग अंदिजानहून दोन मागण्या, मग कोरियातल्या मुलीकडून तिच्या आईसाठी एक. मोहिरा वाचत गेली आणि होसियत प्रत्येकीला म्हणत गेली, “बस आधी, चहा घे.” बायका दूर आपापल्या गावी होत्या, तरीही.

ठरल्या दिवशी करोमत आली. बाहेर गाडी उभी. खोलीत कापसाचे ढीग, मधे मोहिरा, आणि मी एका दमात खोळ शिवत होते.

“चल, उशीर होतोय,” करोमत म्हणाली.

“मी नाही येत, करोमत आपा.”

करोमतने ढिगांवरून नजर फिरवली. “एवढं दोघींना उरकणार आहे?”

करोमत बाहेर गेली, गाडीवाल्याशी काहीतरी बोलली आणि स्वतःची पिशवी घेऊन परत आली. तिच्या मागोमाग गाडीतून आणखी दोघी उतरल्या. होसियतने तिघींच्याही सलामाला सविस्तर उत्तर दिलं आणि तिघींपुढे कापूस टाकला.

मित्रांनो, जाता जाता एवढंच मागणं. तुमच्या दारात कुणी छोटं माणूस सलाम करून गेलं तर उत्तर द्या, वासराचंही विचारा. मोठ्यांना सलाम करायला हजार जण असतात. आणि घरात जुनी मशीन असेल तर तिच्यावर काही ठेवू नका, तिला थोडं तेल घाला. आणखी सांगितलं असतं, पण ही करोमत माझं चाक उलटं फिरवतेय.