ओरेस्टची रिकामी जागा

"अरे, गुडघे टेकून काय बसतोस! चर्चमध्ये आलायस का?"

लॉरेल ओरडली तसा वाळूवर ठेवलेल्या सर्फिंगच्या फळीवर बसलेला ओरेस्ट ओशाळून हसला. साठी ओलांडलेला हा माणूस कॅनडातल्या गव्हाच्या सपाट मुलखात शाळेची बस चालवायचा. समुद्र त्याने याच आठवड्यात पहिल्यांदा पाहिला होता.

"मला उभं राहायचंच नाहीये," तो म्हणाला. "पालथं पडून तिथवर पोचलो की झालं."

तिथवर म्हणजे लाटा फुटतात त्याच्या पलीकडे. त्याचा मुलगा डॅनी फिरत फिरत या गावात आला, लॉरेलकडे लाटेवर उभं राहायला शिकला आणि इथेच रमला. गेल्या महिन्यात त्याला हमरस्त्यावर ट्रकने उडवलं. आपल्यातलं कुणी गेलं की सगळ्यांनी फळ्या घेऊन आत जायचं, हात धरून वर्तुळ करायचं, फुलं सोडायची आणि पाणी उडवत त्याच्या नावाने ओरडायचं, ही इथली रीत. डॅनीसाठी रविवारी जायचं होतं. वर्तुळात त्याच्या बापाची जागा ठेवायची, असंही ठरलं होतं.

"नेते की मी तुला," लॉरेल पहिल्याच दिवशी बोलून बसली होती. अख्खं आयुष्य परदेशी पोरांना शिकवण्यात गेलेलं. तिला त्यात काय अवघड वाटणार!

पण रविवारी पहाटे दक्षिणेचा वारा सुटला आणि समुद्र खवळला. लॉरेल मागून फळी ढकलायची, ओरेस्ट जीव खाऊन हात मारायचा आणि लाट दोघांनाही पुन्हा कंबरभर पाण्यात आणून आपटायची. त्याचे ओठ निळे पडले होते.

"बस झालं रे आता."

"एकदा. एकदाच गं."

पलीकडे वर्तुळ तयार होतं, मध्ये एक फट ठेवून. लाटेसरशी हात सुटत होते, पुन्हा धरले जात होते. सुरुवात कुणीच करत नव्हतं. लॉरेलला ते दिसत होतं, पण 'परत फीर' म्हणायला तिची जीभ रेटेना. कशाला शब्द दिला आपण, असं वाटून तिला स्वतःचीच चीड आली.

ओरेस्टने खारं पाणी थुंकलं आणि तिकडे पाहिलं.

"कशाला थांबलेत ते?"

लॉरेलने फळी सावरून धरली.

"माझ्यासाठी?"

"हं."

"मी इथं धडपडतोय तोवर सुरू नाही करणार?"

"नाही करायचे. चांगली आहेत रे पोरं."

ओरेस्टने फळीचं टोक हातात घेतलं.

"गारठली असतील," तो म्हणाला आणि किनाऱ्याकडे वळला.

लॉरेलने फळीचं दुसरं टोक धरलं. कोरड्या वाळूवर पोचेपर्यंत ती दोघं थांबली नाहीत. आपण बाहेर पडलेलो त्यांना नीट दिसावं म्हणून ओरेस्टने फळी आडवी ठेवली आणि तो समुद्राकडे पाठ करून उभा राहिला.

बराच वेळ काही ऐकू आलं नाही.

"वळू नकोस," तो लॉरेलला म्हणाला. "बघितलं तर परत थांबतील."

मग वाऱ्यावरून डॅनीच्या नावाचा गलका आला.