तोंडावर झेंडू

मी स्लॅबवरची छत्री बोलतेय. पावसात डोक्यावर धरतात ती नव्हे, टीव्हीला चित्रं पुरवणारी. कुठल्याशा कारखान्यात पत्र्यातून घडले, टेम्पोनं मिरजगावला आले आणि डिशवाल्या बन्सीनं मला रामहरीतात्यांच्या घरावर नटबोल्टनं आवळून टाकलं. तेव्हापासून आभाळातल्या एकाच जागेकडे टक लावून बसलेय. तिथे एक उपग्रह आहे. तो बोलतो, मी ऐकते आणि वायरीतून खाली टीव्हीला सांगते. चहाडखोर म्हणा हवं तर.

आमच्या तात्यांचं आभाळाशी वाकडं. पारावर बसले की सुरू, "कशाला पायजे ती रॉकेटं? चंद्रावर काय उडीद पेरायचाय?" आणि घरी आल्यावर पहिलं काम कुठलं? टीव्हीवरचं हवामान! मोबाईलवर त्यांचा विश्वास नाही. "मोबाईल कायबी बोलतो. टीव्हीवरली बाई नीट उभी राहून सांगती, ती खरी." ती बाई ढगांचे फोटो कुठून आणते, हे तात्यांनी कधी विचारलं नाही. अस्सा राग येतो मला!

यंदा भाद्रपदात तात्यांचा उडीद उपटून शेतात पसरला होता. एक सर आली असती तर शेंगांतच कोंब फुटले असते. नेमक्या त्याच दिवशी त्यांच्या कारभारणीनं, सत्यशीलाकाकूंनी, घरातल्या गोधड्या धुवायला काढल्या. घट बसायच्या आत एकही अंथरूण पारोसं राहू नये, हा नेम. दोऱ्या भरल्या, कठडा भरला. उरली ती सगळ्यांत जाड गोधडी काकूंनी ओलीगच्च माझ्या तोंडावर टाकली.

खाली टीव्ही निळा पडला. तात्या गरजले, "बघा! पडलं खाली ते आभाळातलं यंत्र!" बातमी पारावर पोचली. एकानं तर पडल्याचा आवाजही ऐकला होता. शेवटी बन्सी शिडी चढून आला आणि वरूनच ओरडला, "तात्या, यंत्र बरं हाय. काकूंनी छत्रीला पांघरूण घातलंय!"

गोधडी निघाली, बाई उगवली. म्हणाली, आमच्या कर्जत-जामखेडकडे संध्याकाळी विजांसह पाऊस. मग काय, तात्या, काकू, बन्सी, पारावरची मंडळीसुद्धा शेताकडे धावली. उडीद गोळा करून त्यावर ताडपत्री पडली आणि पाऊस आला. मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी पारावर तात्या म्हणाले, "रॉकेटांचा काडीचा उपयोग न्हाई. आमची छत्री हुती म्हनून उडीद वाचला!"

खोटं कशाला बोलू, गोड वाटलं. पण वरच्या त्या बिचाऱ्याचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही.

आज खंडेनवमी. विळे, पाभर, ट्रॅक्टर पुजून झाल्यावर तात्या हळदकुंकू घेऊन वर आले. मला मनोभावे हात जोडले आणि मनगटाएवढा जाड झेंडूचा हार थेट माझ्या तोंडावर बांधला.

टीव्ही पुन्हा निळा. शेतात बाजरी कापून पडलीय. काकू खालून विनवतायत, "आवो, तेवढा हार काढा की!"

"पुजल्याल्या हत्याराला दसऱ्यापातुर हात लावत न्हाईत!" तात्या म्हणतात. "यंत्रच पडलं आसंल परत."

बाबांनो, मिरजगावकडून जात असाल तर जरा वर चढा. नमस्कार करायचाच असेल तर मी बघते तिकडे तोंड करून करा. पण आधी हा हार काढा. वरून उपग्रह काहीतरी घाईघाईनं सांगतोय, आणि मला झेंडूपलीकडचं काही ऐकू येत नाहीये.