ओव्हरड्राइव्हचा खटका

"रेडिओ बंद कर," मिस्त्रींनी गाडीत बसूनच बायकोला आवाज दिला, आणि मागच्या खोलीतलं गाणं ओळीच्या मध्येच तुटलं.

गॅरेजला लागूनच घर होतं आणि त्या घरात हा नियम लग्नापासूनचा. गाडीचं दुखणं ओळखायचं म्हटलं की रेडिओ बंद, भांडी घासणं बंद आणि गिऱ्हाइकाचं तोंडही बंद. मध्येच बोलणाऱ्याकडे मिस्त्री असे बघत, की तो बिचारा खोकलासुद्धा गिळून टाकी. मग मिस्त्री डोळे मिटून ऐकत आणि काय बिघडलंय ते सांगत. लोक त्यांना 'कानवाले मिस्त्री' म्हणत. ते ऐकून मिस्त्री वरवर तोंड वाकडं करत, पण आतून चांगलेच फुगत.

आज समोर सिस्टरची गाडी होती. सिस्टर म्हणजे हायवेपलीकडच्या इस्पितळातल्या नर्स. गाडी त्यांच्या वडिलांची, वडील गेल्यावर मागे राहिलेली. तिला चार गिअर आणि वर ओव्हरड्राइव्ह. चौथ्या गिअरमध्ये बटण दाबलं की गाडीचा वेग तोच राहायचा, इंजिन मात्र निवांत फिरायला लागायचं. हल्ली कितीही बटण दाबलं तरी काही होत नव्हतं. हायवेवर इंजिन किंचाळायचं, तापायचं. दुसऱ्या गॅरेजवाल्याने अख्खा गिअरबॉक्स बदला म्हणून सांगितलं होतं, आणि तसा गिअरबॉक्स आता कुठेच मिळत नव्हता. म्हणजे गाडी भंगारात. संध्याकाळी ड्यूटी संपवून सिस्टर येणार होत्या. मिस्त्री म्हणतील तो शेवटचा शब्द, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

तपासायची रीत सोपी होती. इंजिन बंदच ठेवायचं, चावी फिरवायची, चौथा गिअर टाकायचा आणि बटण दाबायचं. गिअरबॉक्सच्या मागे सोलेनॉइड असतो, म्हणजे विजेवर चालणारा एक खटका. तो 'टक' वाजला की समजायचं, जिवंत आहे.

मिस्त्रींनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. तरी काही नाही. सोलेनॉइड गेला, म्हणून त्यांनी निकाल दिला आणि गाडीखाली शिरून तो काढला. फळीवर जुन्या गाडीचा एक चांगला सोलेनॉइड पडला होता, तो बसवला. पुन्हा आत येऊन बटण दाबलं. सामसूम. मग वायरला बल्ब लावून पाहिला, तर तो लख्ख पेटला. वीज येतेय, खटका बदललाय, आणि आवाज नाही. मिस्त्रींचं डोकं चालेना. पण हात टेकायचे नाहीत, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. ते बटण दाबत राहिले.

बायको चहा घेऊन आली. नियमाप्रमाणे न बोलता उभी राहिली. शेवटी चहा निवायला लागला तेव्हा म्हणाली, "किती वेळ टकटक चाललीय? मला वाटलं उंदीर शिरला."

मिस्त्रींचं बोट बटणावरच राहिलं. मग तिच्या तोंडाकडे बघत त्यांनी बटण दाबलं. तिच्या भुवया हलल्या. सोडलं, पुन्हा दाबलं. पुन्हा हलल्या.

हल्ली माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात, अशी मिस्त्रींची तक्रार असे. फोनची घंटा बारीक झालीय म्हणून त्यांनी फोनही बदलला होता. दोष जगाचा होता तोवर बरं चाललं होतं.

"तुला कधीपासून माहितीये?" त्यांनी विचारलं.

"बरेच दिवस झाले."

"बोलली नाहीस."

"तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले."

मिस्त्री घाबरले. या कानावर संसार उभा राहिला होता, नाव झालं होतं. कानच गेला तर आपल्यापाशी उरलं काय? त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि गाडीचं दार तिच्यासाठी उघडून धरलं.

"आत बस. मी खालून ओरडलो की बटण दाबायचं. बाकी कशाला हात लावू नको."

गाडीखाली आडवं होऊन त्यांनी दोन बोटं सोलेनॉइडवर ठेवली आणि हाक दिली. बोटांखाली नेमका, खणखणीत धक्का बसला. त्यांनी तिला पुन्हा दाबायला लावलं, मग पुन्हा एकदा, गरज नसताना. नंतर काढलेला जुना सोलेनॉइड लावून पाहिला, तर तोही ठणठणीत. चांगल्या जिवंत वस्तूला आपण मेलेली ठरवली होती. मिस्त्रींना स्वतःचंच हसू आलं, पण ते टिकलं नाही.

खटका नुसता हुकूम सोडतो, काम करायचं ते तेलाने. तेलाचा दाब नसेल तर हुकूम वाऱ्यावर. मिस्त्रींनी ओव्हरड्राइव्हच्या खालचा बोल्ट उघडला. तेल काळंकुट्ट निघालं आणि आतल्या जाळीवर चिखलासारखा थर बसला होता. तो त्यांनी बोटांत चोळून पाहिला. लोखंडाचा कण लागला असता तर आत दाते झिजलेत असा अर्थ. नुसता गाळ होता. त्यांनी जाळी रॉकेलमध्ये धुतली, हवा मारली, उजेडात धरून तिची भोकं न्याहाळली आणि पुन्हा एकदा धुतली. जाळी बसवून नवं तेल भरलं.

गाडी फिरवून आणायला ते बायकोलाच घेऊन गेले. मोकळ्या रस्त्यावर चौथा गिअर पडला. मिस्त्रींनी बटण दाबलं आणि तळहात गिअरच्या दांड्यावर ठेवला. मघापासून थरथरणारा दांडा शांत झाला, रडून दमलेलं मूल खांद्यावर शांत होतं तसा.

"उतरला इंजिनचा आवाज," बायको त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली.

"कळलं," ते म्हणाले. "तुझ्याआधी कळलं."

संध्याकाळी सिस्टर आल्या. गाडीला काय झालं होतं ते ऐकून त्यांचा जीव भांड्यात पडला. वडिलांच्या गाडीच्या टपावरून हात फिरवत त्या कौतुकाने म्हणाल्या, की मिस्त्रींनी नुसतं ऐकूनच ओळखलं असणार. मिस्त्रींनी नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं, इतकं ते सोपं होतं. बायको दारातच थांबली.

"नाही सिस्टर," मिस्त्री म्हणाले. "कान गेला माझा. आवाज हिने ऐकला. मी हाताने शोधलं."

सिस्टरनी त्यांना इस्पितळात कानाच्या डॉक्टरांकडे यायला सांगितलं. मिस्त्रींनी लगेच कबूल केलं. तुमच्याच गाडीतून येतो, म्हणजे ओव्हरड्राइव्हही बघून होईल, असं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक गाडी दारात येऊन उभी राहिली. गिऱ्हाईक सवयीने गप्प झालं. मिस्त्रींनी मागच्या खोलीकडे पाहिलं. बायकोचा हात रेडिओच्या बटणाकडे निघाला होता.

"असू दे चालू," ते म्हणाले.

तिचा हात तिथेच थांबला. गाणं पुढे चालू राहिलं. मिस्त्रींनी बोनेटवर दोन्ही तळहात टेकवले आणि डोळे मिटले.