माफी पडद्यावर, चूक कपाटात

मी फिल्मची एक कापलेली पट्टी बोलतेय. पडद्यावर मिनिटभरही पुरणार नाही एवढीच माझी लांबी. पण मुक्काम लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओच्या थंडगार कोठीत, आजूबाजूला जुन्या कार्टूनांचे डबे, आणि मला पहिल्यापासून शेजाऱ्यापाजाऱ्यांची चौकशी करायची खोड. तेव्हा कोणाचं काय कापलं आणि का कापलं, ते माझ्याकडून ऐकावं.

माझा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचा. शेतावरच्या प्राण्यांच्या जत्रेचं एक कार्टून होतं. त्यात चुलीपाशी ढवळत उभी असलेली स्वयंपाकीण कोंबडी म्हणजे मी. काळीकुट्ट, जाडजाड ओठांची, बशीएवढ्या डोळ्यांची. भूत दिसलं की किंचाळून पातेल्यात उडी. काढणारे गोरे, हसणारेही गोरे. काळ्या बायका अशाच असतात हे त्यांना कोणी सांगितलं कोण जाणे. त्यांच्या स्वतःच्या घरी स्वयंपाकाला येणारी बाई तर कधी पातेल्यात पडली नव्हती.

पुढे टीव्ही आला, कार्टून घराघरांत गेलं, आणि ज्यांची थट्टा केली होती त्यांनीच तक्रार केली. स्टुडिओने कात्री घेतली. मला चपट्या डबीत घातलं आणि उरलेल्या फिल्मची दोन टोकं चिकटवून टाकली. तेव्हापासून त्या कार्टूनमध्ये बोकड भुकेला स्वयंपाकघरात शिरतो आणि दुसऱ्याच क्षणी ढेकर देतो. संगीतसुद्धा उचकी लागल्यासारखं उडतं. मुलांनी कधी विचारलं नाही. मुलं फार सोशिक असतात.

काढलं ते बरंच केलं, मी काही रुसले नाही. पण माणसांची एक गंमत आहे. चूक कपाटात ठेवली की ती झालीच नव्हती असं त्यांना हळूहळू वाटायला लागतं.

हल्ली स्टुडिओंत नवी रीत आली आहे. जुनं कार्टून दाखवायचं तर आधी काळ्या पडद्यावर चार ओळी लिहायच्या, की यात काही लोकांची वाईट थट्टा आहे, ते आम्हाला कळतं, माफ करा. रीत चांगली आहे. आमच्या कार्टूनच्या वेळी त्या चार ओळींवर किती बैठका झाल्या! ‘अपमानास्पद’ लिहायचं का ‘दुखावणारं’, यात दुपारचं जेवण थंड झालं. फक्त ओळी कुठल्या प्रतीला जोडतोय ते कोणी पाहिलं नाही. जोडल्या माझ्याविनाच्या प्रतीला.

झालं. लोक डोळे ताणून अपमान शोधत बसले. एकाने बोकडाच्या दाढीवर आक्षेप घेतला. एका बाईंना डुकराचं पोट खटकलं. त्या चार ओळी ज्याच्या देखरेखीखाली झाल्या तो टॉड ब्रेनमन डोकं धरून कोठीत आला.

“लोरेन, आपण माफी नक्की कशाची मागतोय?”

लोरेन म्हणजे कोठी सांभाळणारी. “त्या डबीची,” तिने माझ्याकडे बोट केलं. “प्रत मी पाठवली खरी. पण तुम्ही तिला माफी जोडणार आहात हे मला कुठे ठाऊक?”

“मग ओळीच काढून टाकू. कोंबडी नाही, तर माफी नाही.”

“काढ की. पण बाहेर एक बाई येऊन बसल्यात. आधी त्यांना भेट.”

त्या बाई म्हणजे मिसेस व्हर्नेल गेन्स. ऐंशी ओलांडलेल्या, डोक्यावर चर्चला जाताना घालतात तशी टोपी, मांडीवर पर्स. कोंबडीला आवाज दिला होता त्यांच्या आईने, ओडेसा प्रुइटने. नावांच्या पाटीवर बोकडाच्या आवाजाचं नाव होतं, कोंबडीच्या नव्हतं. व्हर्नेल सहा वर्षांच्या असताना ओडेसा वारली. तिचा आवाज जगात फक्त माझ्यापाशी होता, आणि लेकीला तो आठवतही नव्हता.

“तुम्ही माफी लिहिलीत म्हणून मी मुद्दाम बघायला बसले,” त्या टॉडला म्हणाल्या. “म्हटलं, माफी आहे म्हणजे आई असणार. तर नुसता ढेकर.”

“मॅडम, तो भाग फार वाईट आहे. तुम्हाला त्रास होईल.”

“बाळा, काळी बाई म्हणून आख्खं आयुष्य मी याच शहरात काढलंय. एक कोंबडी मला काय त्रास देणार?”

लोरेनने मला यंत्रावर चढवलं. कोंबडी दिसताच बाईंचं तोंड कडू झालं. “काय हे ध्यान,” त्या पुटपुटल्या. आणि मग ती जागा आली. भूत यायच्या आधी कोंबडी ढवळता ढवळता गुणगुणते. तिची बाकीची वेडीवाकडी बोली दुसऱ्यांनी लिहिलेली. तेवढी गुणगुण ओडेसाची स्वतःची.

बाईंनी डोळे मिटले. “पुन्हा लावा.”

पुन्हा लावलं.

“हे मी भांडी घासताना गुणगुणते,” त्या हळूच म्हणाल्या. “मला वाटायचं, माझं मलाच सुचलंय.”

टॉड खुर्चीच्या कडेवर बसला. “मॅडम, असं करू? एवढा आवाज वेगळा काढून तुम्हाला घरी देतो. चित्र राहू दे कोठीत.”

“आणि आई पुन्हा डबीत? नको. पोरांना दाखवू नका, ते मलाही पटतं. पण मोठ्या माणसांना पूर्ण दाखवा. तिला काय काय बोलायला लावलंत ते दिसू दे. आणि त्या चार ओळींखाली पाचवी घाला.”

“काय लिहू?”

“तिचं नाव. दुसरं काही नको.”

त्याने तिथेच लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. बाईंनी मान डोलावली.

आता माझी नवी प्रत निघाली आहे, मोठ्यांच्या संग्रहासाठी. मी मात्र म्हातारी झाले, कडा वाकल्यात, फार फिरवून घेणार नाही. कधी समोर आले तर कोंबडीवर खुशाल रागवा, तिला काढणाऱ्यांवरही रागवा. फक्त ती किंचाळायच्या आधी जरा गप्प बसा. चूल पेटलेली असते, कोणी बोलत नसतं, आणि ओडेसा प्रुइट एकटीच गुणगुणत असते.