गोदामाच्या आवाराचा भाव

सगळे त्यांना फवारेकाका म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण बावीस वर्षं प्रेशर मशीनने दुकानांपुढचं काँक्रीट धुणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? काम चोख. भाव सांगायची तऱ्हा मात्र अजब. जागेकडे एकदा बघायचं, मालकाच्या तोंडाकडे दोनदा बघायचं आणि आकडा सांगून मोकळं व्हायचं. मालक गोड बोलला की आकडा खाली. अडचणीत दिसला की आणखी खाली. खेकसला तर सगळ्यात खाली, म्हणजे एकदाची सुटका.

बायको होती तोवर काका घरी आले की ती त्यांची खरडपट्टी काढायची. ती गेली आणि काकांना अडवणारं कुणी उरलं नाही. मुलगा इस्पितळात नर्स, कायम ड्युटीवर. सून पुढच्या खोलीत शिवणकाम करायची आणि सवड काढून काकांची बिलं लिहून द्यायची. लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं, की सासरे एवढे राबतात, तरी मशीनचा गळका पंप बदलायचं काही जमत नाही.

म्हणून एका मोठ्या गोदामाचं आवार धुवायचं काम चालून आलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, मीपण येते."

"तिथे काय बघायचंय? नुसतं काँक्रीट."

"मग काँक्रीटच बघते."

गोदामाच्या मॅनेजरबाई फार अदबीने वागल्या. खुर्च्या दिल्या, चहा मागवला, काकांच्या गुडघ्याची चौकशी केली. काका तिथेच विरघळले. "साधारण किती होतील?" असं बाईंनी विचारलं आणि काकांनी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात सून म्हणाली, "मोजून परवा सांगतो."

बाहेर आल्यावर काका कुरकुरले, "मोजायचं काय त्यात? नजरेत बसतं मला सगळं."

"बसू दे. टेपचं टोक धरा तुम्ही."

नव्वद फूट रुंद, एकशे चाळीस लांब. माल चढवायच्या धक्क्यांपुढे टायरचे काळे पट्टे आणि तेलाचे डाग. सुनेला ते सगळे सारखेच दिसत होते. काका मात्र गुडघा सांभाळत खाली बसले आणि एकेका डागावर बोट फिरवत सांगू लागले, "हा ताजा आहे, गरम पाण्याने जाईल. हा जुना, आत मुरलाय. फिकट होईल, पण पुरता जाणार नाही. हे आधीच सांगायला हवं, नाहीतर नंतर तोंड दाखवायला जागा नाही." सून लिहून घेत होती. एवढं सगळं यांना कळतं, हे तिला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

मग बाईंना विचारून त्यांनी दोन चौकोन धुऊन पाहिले, दहा फूट बाय दहाचे. सुनेने घड्याळ लावलं. मोकळ्या जागेत अकरा मिनिटं, धक्क्यापाशी चाळीस.

"चाळीस?" काका चक्रावले. "मला तर पंधरा वाटली."

"तुम्ही कामात होतात ना."

दुसऱ्या दिवशी दुपारी शिलाईच्या टेबलावर कापड बाजूला सारून दोघं बसली. डिझेल, डाग काढायचं औषध, तेलकट पाणी अडवून उचलायचा खर्च, दोन गड्यांची रोजंदारी. काका एकेक सांगत गेले. सुनेने पेन थांबवलं.

"आणि तुमची मजुरी?"

"मी घरचाच की."

"घरचं आहे म्हणून गुडघा कमी दुखतो का?"

काकांचा हात गुडघ्यावर गेला. सुनेने एक ओळ वाढवली आणि बेरीज केली. आकडा बघून काका खुर्चीत मागे टेकले. "अगं, एवढे कोण देईल? त्या बाई किती चांगल्या आहेत!"

"बाबा, ब्लाउजची शिलाई सांगताना मी बाईचं तोंड बघत नाही. अस्तर आहे का, ते बघते."

मॅनेजरबाईंनी कागद शांतपणे वाचला. मग म्हणाल्या, "दुसऱ्या एकाने याच्या निम्म्यात सांगितलंय."

सुनेला वाटलं, आता बाबा हसून म्हणणार, निम्मे तर निम्मे. पण काकांनी विचारलं, "त्यांनी तेलाचे डाग धरलेत का? आणि पाणी उचलायचं?"

बाईंनी ड्रॉवरमधला कागद काढून पाहिला. त्यावर नुसता आकडा होता.

"माणूस खोटा नसणार, मॅडम," काका म्हणाले. "मोजलं नसेल, इतकंच. मीही कालपरवापर्यंत मोजत नव्हतो. ही मोजायला लागली."

बाई हसल्या. थोडा विचार करून त्यांनी काम वाटून दिलं. धक्क्यांपुढचं अवघड काँक्रीट काकांना, त्यांच्याच भावाने. मोकळं आवार त्या दुसऱ्याला.

सून थोडी हिरमुसली. सगळं काम मिळेल असं तिने धरलं होतं. परतताना काकांनी टेम्पो कडेला घेतला आणि फोन लावला. बाईंनी नाव सांगितलं तेव्हा तो दुसरा धुणारा त्यांच्या ओळखीचाच निघाला होता.

"अरे, त्या गोदामाला जातोयस ना? मागच्या नळाला धार बारीक आहे, स्वतःची टाकी घेऊन जा. नाहीतर दिवसभर बादल्या भरत बसशील."

सुनेने कपाळाला हात लावला. "बाबा, तो आपल्या पोटावर पाय देत होता!"

"हो ना. पण पाण्यावाचून अडकला तर?"

तिला हसू फुटलं, आणि मग काकांनाही.

सुट्टीच्या दिवशी सकाळी गोदाम बंद असताना काकांचं आणि त्या दुसऱ्याचं, दोन्ही मशिनं एकदम सुरू झाली. दुपारपर्यंत धक्क्यांपुढच्या काळ्या थराखालून फिकट राखाडी काँक्रीट वर आलं. जुने डाग काकांनी सांगितलं होतं तसे पुसट उरले होते. सुनेने हट्टाने फवाऱ्याची गन हातात घेतली. पाण्याच्या जोराने ती दोन पावलं मागे फेकली गेली. काकांनी मागून तिचा खांदा धरला.

"पाय रोव. घाई नको. पट्ट्यावर पट्टा येऊ दे, शिवणीसारखा."

तिने पाय रोवले. पहिला पट्टा वाकडा गेला, दुसरा जरा बरा. तिसऱ्याला काकांनी हात काढून घेतला, आणि ते पुढच्या डागाला औषध लावायला वळले.